घरच्या बोलीतले पवित्र शास्त्र

मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या फादर स्टीफन्सच्या ओव्या मी वर्गात किती वेळा शिकवल्या असतील, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. फुलांचे, पक्ष्यांचे, रत्नांचे दृष्टान्त देत कवी आपल्या भाषेला सर्वांत वरच्या आसनावर बसवतो, आणि तो कवी तर जन्माने इंग्रज! मास्तराला याहून सोयीचा धडा कुठला मिळणार? दृष्टान्त फळ्यावर लिहावेत, अलंकार ओळखायला सांगावा, परक्याला जे कळले ते तुम्हांला कळत नाही असा एक चिमटा मुलांना काढावा, आणि घंटेची वाट पाहावी. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, भाषेची स्तुती झाली. पण मग त्या भाषेत त्यांनी पुढं सांगितलं काय?"

मी म्हणालो, "ख्रिस्ताची गोष्ट."

"कोणती?"

घंटा झाली म्हणून माझी अब्रू राहिली. मुलगी ख्रिस्ती होती. तिला ठाऊक नव्हते म्हणून तिने विचारले नव्हते; मला ठाऊक आहे का, हे तिला पाहायचे असावे.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही. दोनचार कादंबऱ्या नावावर आहेत. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, लीळाचरित्र ही पुस्तके आपल्या परीने वाचली आहेत. पण ज्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, माझे आयुष्य गेले, तिथे १८३१ सालापासून अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले. गावोगाव ख्रिस्ती घरे आहेत. माझ्या प्रत्येक वर्गात त्या घरांतली मुले बसत आली. त्यांच्या घरात जो ग्रंथ रोज उघडला जातो, तो मी एकदाही उघडलेला नव्हता. त्या प्रश्नानंतर उघडला. पुढे जे लिहितो आहे तो त्या वाचनाचा जमाखर्च समजावा. हे पंडिताचे मत नव्हे, आणि भाविकाची साक्ष तर नव्हेच.

प्रथम ग्रंथाची ओळख करून घेऊ. बायबल म्हणजे एक पुस्तक, ही आपली समजूतच मुळी चुकीची आहे. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले तो शब्द अनेकवचनी आहे. त्याचा अर्थ 'पुस्तके'. हे एक कपाटच आहे म्हणा ना! प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. कॅथलिक लोक जुन्या करारात ४६ पुस्तके धरतात, म्हणून त्यांची एकूण संख्या ७३ होते. जुना करार हे मूळचे ज्यू लोकांचे शास्त्र. ते बहुतांशी हिब्रू भाषेत आणि थोडे अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. 'करार' हा शब्द आपल्याला कोर्टकचेरीतला वाटतो. परंतु इथे तो देव आणि माणसे यांनी एकमेकांना दिलेल्या वचनाचा वाचक आहे. माणसे ते वचन पुनःपुन्हा मोडतात आणि देव पुनःपुन्हा नवे करतो, असे या साऱ्या कपाटाचे सूत्र थोडक्यात सांगता येईल.

पण या कपाटात काय नाही? सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आहे, कायदेकानू आहेत, राजांच्या बखरी आहेत. रूथ नावाच्या विधवा सुनेची चार अध्यायांची कहाणी आहे. परमुलखातली ही सून सासूला एकटी सोडून जात नाही, आणि तिचा पणतू पुढे दावीद राजा होतो. ईयोब नावाचा सज्जन आहे. काही अपराध नसताना त्याचे सर्वस्व जाते आणि तो देवालाच जाब विचारतो. दीडशे स्तोत्रे आहेत. आमोस नावाचा मेंढपाळ आहे. तो गरिबांना नाडणाऱ्या धनवंतांच्या तोंडावर त्यांची पापे वाचून दाखवतो. नव्या करारात ख्रिस्तचरित्रे चार आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. त्यांनाच शुभवर्तमाने म्हणतात. त्यांच्या मागोमाग पहिल्या शिष्यांचा वृत्तान्त येतो, मग २१ पत्रे, आणि शेवटी प्रकटीकरण. गंमत अशी की, या सर्वांत आधी लिहिली गेली ती पत्रे. पौलाची जुनी पत्रे येशूच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षांतली आहेत. शुभवर्तमाने बहुतेक अभ्यासकांच्या मते साधारण इ. स. ७० ते १०० या काळातली.

कादंबरीकार म्हणून मला सर्वांत नवल वाटले ते या चार चरित्रांचे. ती एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मार्क घाईघाईने, धावत्या माणसासारखा सांगतो; लूक दुबळ्यांकडे, बायकांकडे, पाहुण्यांच्या पंगतीकडे थांबून पाहतो; योहान एकच प्रसंग घेऊन त्याच्या तळाशी बुडी मारतो. कुणाही व्यवस्थित संपादकाने चारांचे एक करून टाकले असते. चर्चने तसे केले नाही. चार तोंडांनी सांगितलेली कथा चारही तोंडांसह ठेवली. हा मला त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा वाटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. येशू ज्या भाषेत बोलला ती अरामी. त्याचे बोलणे आपल्यापर्यंत आले ते ग्रीक भाषेतून. याचा अर्थ असा की, ख्रिस्ती माणसाच्या हाती पहिल्या दिवसापासून भाषांतरच आले. आपल्याकडे वेदाचा स्वरही चुकता कामा नये. मुसलमान बांधव कुराण अरबीतच पठण करतात. ख्रिस्ती शास्त्राचे तसे नाही. ते ज्या भाषेत उतरते त्या भाषेत ते शास्त्रच राहते. म्हणूनच आज संपूर्ण बायबल सातशेहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. तथापि हे सहज घडलेले नाही. शास्त्र लोकभाषेत आणणाऱ्या इंग्लंडच्या टिंडेलला १५३६ साली प्राणास मुकावे लागले. ज्ञानोबांच्या मराठी वाचकाला हे दुःख समजावून सांगायला नको.

आणि तरीही ग्रीक शुभवर्तमानांत काही थोडे अरामी शब्द तसेच राहिले आहेत. त्यांतला एक 'अब्बा', म्हणजे बाप. लेकराने घरात मारावी तशी हाक. दुसरा प्रसंग वधस्तंभावरचा. मरणवेदनेत येशूने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश केला तो मायबोलीत, आणि मत्तय व मार्क यांनी तो आवाज जसाच्या तसा ठेवून शेजारी अर्थ दिला. माणूस दुखले की आईच्या भाषेत ओरडतो. शास्त्र आणि मायबोली यांचे नाते मला या एका जागेवर सापडले. मग आपल्या मराठीत हे नाते कसे जुळले, हे पाहण्याची उत्सुकता लागली.

त्यासाठी पुस्तकांआधी मी एका घरात गेलो. त्या मुलीच्या आजीकडे. आजींची शाळा दुसरीपर्यंतची. त्या खऱ्या अर्थाने वाचायला शिकल्या त्या याच ग्रंथावर. काळ्या पुठ्ठ्याचे, कापडात गुंडाळलेले बायबल. त्याला त्या बायबल म्हणत नाहीत, 'पवित्र शास्त्र' म्हणतात, किंवा नुसते 'वचन'. पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, लग्ने, मृत्यू वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या शाईंनी लिहिलेले. दिवेलागणीला एक अध्याय, मग गायन, मग प्रार्थना.

मी विचारले, "आजी, रोज तेच ते वाचून कंटाळा येत नाही?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही पोथीचं पारायण करता. आम्ही हिला विचारतो."

"काय विचारता?"

"आज काय करू ते."

"आणि ती सांगते?"

"कधी सांगते. कधी गप बसते. मग मी भांडते. त्यात भांडायचीसुद्धा स्तोत्रं आहेत."

हे मी घरी येऊन पडताळून पाहिले. स्तोत्रांतला मोठा हिस्सा स्तुतीचा नाही, गाऱ्हाण्यांचा आहे. किती दिवस तोंड फिरवून बसशील, वैऱ्यांना हसू का देतोस, मी मेलो तर तुझे गुण कोण गाईल, असे हे भांडण. विठोबाला शिव्या देणारे तुकोबा ज्याने वाचले आहेत त्याला ही स्तोत्रे परकी वाटणार नाहीत. आणि तेविसावे स्तोत्र, देवाला मेंढपाळ म्हणणारे, ते तर आजींना पाठच आहे. त्यांचा थोरला मुलगा गेला त्या रात्री पाळक येईपर्यंत त्यांनी तेच म्हटले. दरवर्षी धनगरांची मेंढरे दारावरून जाताना पाहिलेल्या या बाईला मेंढपाळ म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागले नाही. पेरणारा पेरायला निघतो, काही दाणे वाटेवर, काही खडकावर, काही काट्यांत पडतात, हा दाखलाही आमच्या अवर्षणी मुलखाचाच वाटतो.

श्रद्धावंतांच्या जीवनात या ग्रंथाचे स्थान सर्वत्र सारखेच आहे असे मात्र नाही. आजींच्या प्रॉटेस्टंट परंपरेत ग्रंथ हाच अखेरचा अधिकार. म्हणून तो घराघरांत, हाताहातांत. कॅथलिक परंपरेत ग्रंथाबरोबर चर्चची परंपराही प्रमाण मानतात. तिथे तो मुख्यतः उपासनेत ऐकायचा असतो. रविवारच्या मिस्सेत आधी बहुधा जुन्या करारातले वाचन, मग स्तोत्र, मग पत्र, आणि शुभवर्तमानाच्या वेळी सारी मंडळी उभी राहतात. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ही उपासना लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली, आणि वसईच्या चर्चांतून मराठी घुमू लागली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते २०२४ साली वारले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. स्टीफन्सने पुढे सांगितले काय? १५७९ साली तो गोव्यात आला आणि १६१६ साली, म्हणजे इंग्रजांचे प्रसिद्ध राजा जेम्सचे बायबल छापले गेले त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, त्याचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या आरंभापासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. हे भाषांतर नव्हे, पुराण आहे. आणि तसे ते का आहे याचे कारण ग्रंथातच दिले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला काहीतरी द्या.

या एका मागणीत केवढी पोकळी भरलेली आहे! त्या काळी गोव्यात देवळे पाडली गेली होती, १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते, आणि पुढे १६८४ साली तर लोकांची बोलीच सोडवण्याचा हुकूम निघाला. हे विसरून स्टीफन्सच्या भाषाप्रेमाचे गोडवे गाणे बरोबर नाही. पण ती पोकळी ज्याने ओळखली, ऐकणाऱ्याच्या कानाला ओवीची भूक आहे हे ज्याला कळले, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायला जो कचरला नाही, त्या माणसाला त्या हुकूमशहांच्या रांगेत बसवणेही बरोबर नाही. काव्य म्हणून पाहता ख्रिस्तपुराण सर्वत्र सारखे चढत नाही. उपदेश जिथे लांबतो तिथे ओवी जड होते. परंतु जिथे आईचा शोक येतो, तिथे हा इंग्रज आपल्या आख्यानकवींच्या पंक्तीला सहज बसतो.

यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी दुसरा प्रयत्न झाला तो बंगालमध्ये. मूळचा चांभारकाम करणारा विल्यम केरी श्रीरामपुरास बसून वैजनाथशास्त्री या पंडिताच्या साह्याने मराठी शिकला, आणि १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले. मग अमेरिकन मिशन, बायबल सोसायटी, बाबा पदमनजींसारखे मराठी लेखक असे अनेक हात या कामाला लागले. आजच्या मराठी ख्रिस्ती घरांतले शास्त्र बहुधा याच परंपरेतले.

या परंपरेविरुद्ध एका बाईने बंड केले. पंडिता रमाबाई! भागवत मुखोद्गत असलेली, पुराणे सांगत हिंदुस्थान पायी हिंडलेली, १८७८ साली कलकत्त्याने जिला पंडिता आणि सरस्वती म्हटले, ती ही बाई. १८८३ साली इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार स्त्रियांची ती आई झाली. प्रचलित मराठी बायबल तिला दोन कारणांनी खटकले. एक तर ते संस्कृतप्रचुर, अडाणी बाईला न कळणारे; आणि दुसरे असे की, त्या संस्कृत शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले. मग उतारवयात तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल पुन्हा मराठीत आणले. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती वारली त्याच सुमारास काम पुरे झाले, आणि १९२४ साली ग्रंथ निघाला. मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले, त्यांनीच छापले.

पाहा, केवढा हा विरोध! परदेशी पाद्री आमच्या पुराणाचा शेला पांघरतो, आणि आमची पुराणिकाची लेक तो शेला उतरवून ठेवते. एकाला वाटते, ओळखीच्या शब्दावाचून देव घरात येणार नाही. दुसरीला वाटते, ओळखीच्या शब्दातून जुनाच देव परत येईल. समीक्षक म्हणून निकाल द्यायचा तर मी म्हणेन की, रमाबाईंचे भाषांतर पुष्कळदा शब्दाला शब्द ठेवत जाते, वाक्याची चाल मोडते, वाचताना ठेचा लागतात. ते सर्वत्र रुळले नाही याचे आश्चर्य वाटत नाही. पण स्टीफन्सने ऐकणाऱ्याचा कान जिंकला, तर रमाबाईंना वाचणारीची समज हवी होती. ज्या बाईला आयुष्यभर दुसऱ्याने शास्त्र वाचून दाखवले, तिने ते स्वतः वाचावे ही ती ओढ होती.

हा वाद कसा मिटावा, हे मला पुस्तकांतून कळले नाही, आजींकडे कळले. मी ख्रिस्तपुराणाचे पान त्यांना वाचून दाखवले. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "कानाला लई गोड लागतं. आमच्या टिळकांच्या गायनासारखं." हे टिळक म्हणजे नारायण वामन टिळक. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने हाती दिलेला नवा करार त्यांनी वाचला, येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. त्यामुळे घर कसे दुभंगले आणि पुढे कसे सांधले, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त प्रत्येकाने वाचले असेल. पण आजी लगेच म्हणाल्या, "मात्र मी आजारी पडले, तर उशाशी हे ठेवू नका हो. माझं जुनंच द्या." वाचायला एक भाषा आणि गायला दुसरी, वादाच्या दोन्ही बाजू आजींनी आपल्या घरात नांदवल्या आहेत!

जाता जाता लूकच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगतो. ती पंधराव्या अध्यायात आहे. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन जातो, सगळे उधळतो, डुकरे राखायची पाळी येते, आणि उपाशीपोटी घरी परततो. बाप धावत सामोरा जातो, अंगरखा देतो, मेजवानी करतो. इथवरची गोष्ट सर्वांच्या कानांवर आहे. पण पुढे थोरला शेतावरून येतो. घरात गाणेबजावणे ऐकतो, रागावतो आणि आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. आणि इथेच गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही!

मी कादंबऱ्या लिहितो, असा शेवट करण्याची माझी छाती नाही. हा शेवट अपुरा राहिलेला नाही, मुद्दाम सोडलेला आहे. येशू पाप्यांच्या पंगतीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या सोवळ्या लोकांना ही गोष्ट सांगितली आहे, असे लूक आरंभीच बजावतो. थोरला भाऊ म्हणजे ऐकणारा. पुढचे पाऊल त्याने टाकायचे आहे. या ग्रंथाचे भाविकांच्या आयुष्यात जे काम चालते ते हेच: तो गोष्ट सांगतो आणि शेवट वाचणाऱ्यावर सोपवतो. त्यात धोकाही आहे. याच ग्रंथाच्या आधारे अमेरिकेत काहींनी गुलामगिरीचे समर्थन केले आणि काहींनी तिच्याविरुद्ध जन्म वेचला. दोघांच्या हाती पुस्तक एकच होते.

त्या गोष्टीतला थोरला मला ओळखीचा वाटला. शेजारच्या घरात दिवेलागणीला गायन चालते, आणि आपण अंगणात उभे राहून म्हणतो की, ते त्यांचे. आत जाणे म्हणजे धर्म बदलणे नव्हे. शेजाऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून गेल्याने कुणाचे गोत्र बदलत नाही. दिवाळीचा फराळ आपण त्यांच्याकडे पाठवतो, नाताळचा त्यांच्याकडून येतो. मग पुस्तकानेच काय पाप केले आहे?

यंदाही मी त्या ओव्या शिकवल्या. या वेळी दृष्टान्त लवकर आटोपले, आणि पुढे काय आहे ते सांगायला बसलो. घंटा झाली तेव्हा थोरला भाऊ दारात उभा होता. मुलांनी विचारले, "गुरुजी, मग तो आत गेला का?"

मागे अब्रू वाचवणारी घंटा या वेळी मला नकोशी वाटली. मी म्हणालो, "ते तुम्ही उद्या सांगा."